सगळे थांबे डाव्या हाताला

पहाटे ५.१०
राहू गावात अजून अंधार आहे. थंडीचे दिवस आणि उसाचा हंगाम, त्यामुळे गाव झोपलेलं असलं तरी रस्ता जागा आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून कारखान्याकडे चालले आहेत. चुलीवर चहाचं आधण ठेवून ती लेकीची चित्रकलेची वही पुढ्यात घेऊन बसली आहे. पानावर पट्टीनं मारलेली एक आडवी रेघ. ही रेघ म्हणजे पुणे-सोलापूर हायवे. रेघेच्या वर तीन फुल्या, खाली पाच.

"वरच्या जाताना, खालच्या येताना," ती सांगते. "हायवेला मधे डिव्हायडर आहे ना ताई. उजव्या हाताचा पंप घ्यायचा म्हटलं की पुढच्या कटपर्यंत जा, वळा, परत या. दोन-तीन किलोमीटर फुकट. सगळे थांबे डाव्या हाताला आले पाहिजेत."

आठ फुल्या म्हणजे आजच्या आठ व्हिजिट. ती गुप्त ग्राहक आहे. स्वतः म्हणताना 'मिस्ट्रीचं काम' म्हणते. कंपन्या शहरातल्या एजन्सीला काम देतात, एजन्सी ते ॲपवर टाकते, ही ते उचलते. साधं गिऱ्हाईक म्हणून दुकानात, पंपावर, बँकेत जायचं. कोण कसं बोललं, किती वेळ लागला, बिल दिलं का, हे पाहायचं आणि रात्रीच्या आत अहवाल भरायचा. तिचं आणि कंपन्यांचं नाव लिहायचं नाही, या बोलीवर मी आज मागच्या सीटवर बसणार आहे.

पहाटे ५.३५
चहा पिता पिता ती क्रम पक्का करते. आठ ठिकाणं कशाही क्रमानं घ्यायची म्हटलं तर ४०,३२० क्रम होतात. गणितात याला फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात, आणि १९५४ मध्ये अमेरिकेतल्या तिघा गणितज्ञांनी ४९ शहरांचा असा फेरा सोडवून दाखवला, तेव्हा ती मोठी गोष्ट मानली गेली. हिच्याकडे ठिकाणं कमी, पण अटी जास्त. दोन पंप सकाळी नऊच्या आत. दोन अकरानंतर. बँक दहा ते एक. हॉटेल साडेबारा ते अडीच. शोरूममध्ये किमान वीस मिनिटं थांबायचंच. खताचं दुकान दुपारी, कारण सकाळी तिथं गर्दी असते आणि दुकानदार बोलत नाही. ही शेवटची अट एजन्सीची नाही, तिची स्वतःची.

आणखी एक अट वहीत कुठंच लिहिलेली नाही. अंधार पडायच्या आत घरी. उसाला लागून रस्ता आहे आणि राहू बेटात, तसाच पलीकडे शिरूरच्या बाजूला, बिबट्या आता रोजचा झाला आहे. ऊसतोड सुरू झाली की त्याचा आडोसा जातो आणि तो रस्त्यावर दिसू लागतो. "फोनवरचा नकाशा जवळचा रस्ता दाखवतो," ती म्हणते. "पण तो कुठून जातो ते आपण बघायचं."

सकाळी ६.३०
लेकीचा डबा सासूबाई करणार. स्वतःचा डबा ती घेत नाही. हॉटेलची व्हिजिट आहे त्या दिवशी दुपारचं जेवण त्यातच होतं. स्कूटीचा काटा लालवर आहे, आणि तो मुद्दाम तिथं ठेवलेला आहे. टाकी पाच लिटरची. चार पंपांवर चार वेळा भरायचं तर टाकीत जागा हवी. प्रत्येक पंपावर शंभर रुपयांपर्यंतचं पेट्रोल एजन्सी परत देते. दिवसाची धाव ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरची, त्याला दोन लिटर पुरतं. लिटरचा भाव शंभराच्या वर. म्हणजे दोन पंपांवर दिवसाचा प्रवास जवळजवळ निघतो, उरलेलं पेट्रोल टाकीत राहतं. म्हणून यादीत पंप नसतील तर ती लांबची यादी घेतच नाही.

पिशवीत काय आहे? दोन फोन, पॉवर बँक, चिकटपट्टी लावलेली पन्नासची नोट, पाण्याची बाटली, सातबाराचा उतारा ठेवतात तसली प्लॅस्टिकची फाइल. फाइलमध्ये बिलं ठेवायची. घडी पडली की फोटोत अक्षर दिसत नाही.

सकाळी ६.५०
भीमा आणि मुळा-मुठा या दोन नद्यांच्या मधला हा पट्टा, म्हणून राहू बेट. हायवेकडे जायचं तर मुळा-मुठेचा पूल ओलांडावाच लागतो. खाली जलपर्णी दाटलेली. पुण्याचं सांडपाणी इथवर येतं, पुलावर नाक सांगतं. पुढं पिंपळगावची बाजू, गुऱ्हाळाचा धूर, धुक्यात मिसळलेला काकवीचा वास. समोर उसाचा ट्रॅक्टर. मागच्या ट्रॉलीतून एखादं कांडं कधी घरंगळेल सांगता येत नाही, म्हणून ती अंतर ठेवून चालते. ओव्हरटेकची घाई नाही. ही वीस मिनिटं तिनं रात्रीच धरून ठेवली आहेत.

सकाळी ७.४०
केडगाव. पहिला पंप. मी अलीकडेच उतरते आणि चालत जाऊन हवेच्या मशीनपाशी उभी राहते.

ती गाडी लावते. खिशातल्या फोनवर घड्याळ चालू झालेलं आहे. पोरगा येतो, "किती?" विचारतो. शंभर. झिरो दाखवतो का? दाखवतो, बोटानं. पेट्रोल सुरू. ती इकडंतिकडं बघते, कंटाळलेल्या गिऱ्हाइकासारखी. प्यायचं पाणी आहे. प्रथमोपचाराची पेटी काचेतून दिसते. पाच लिटरचं माप टेबलाखाली आहे. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं. पाच लिटरमागं २५ मिलिलिटर कमी-जास्त चालतं, त्यापुढं नाही. ते मागून मोजून घ्यायचा हक्क कुठल्याही ग्राहकाला आहे. ती मात्र मागत नाही. शंभराचं पेट्रोल भरणारी बाई माप मागायला लागली तर मॅनेजर दुसऱ्या मिनिटाला बाहेर येतो, आणि व्हिजिट फुटते.

बिल पोरगा आपणहून देत नाही. मागितल्यावर देतो. मग ती टॉयलेटकडे जाते. पंपाच्या व्हिजिटला एजन्सी बाईमाणूस शोधते ते याचसाठी. बायकांचं टॉयलेट आत जाऊन बघायला पुरुष चालत नाही. दाराला कुलूप. चावी ऑफिसात. ऑफिसातला माणूस अजून आलेला नाही.

ती फोन कानाला लावते. "हां आत्या, निघाले. पोरगा सहा नंबरचा, चांगलं बोलला. कुलूप होतं. पाणी होतं." पलीकडे आत्या नाहीत, रेकॉर्डिंग चालू आहे. सासूला आत्या म्हणायची या भागातली रीत तिच्या कामाला आली.

सकाळी ८.३५
चौफुल्यावरून डावीकडे, सोलापूरच्या दिशेला. वरवंडच्या बाजूचा दुसरा पंप. इथं सगळं ठीक आहे. बिल न मागता मिळतं, टॉयलेट उघडं, बादलीत पाणी. पोरानं हातमोजे घातलेले नाहीत, तेवढी एक खूण. रात्रपाळी संपवून तो नऊला सुटणार आहे, डोळे लाल. फॉर्ममध्ये एक ओळ आहे: कर्मचारी प्रसन्न मुद्रेनं बोलला का? ती 'हो' लिहिते. "रात्रभर उभं राहून तोंडावर हसू कुठून आणायचं? बोलला नीट. तेवढं बास."

मला हा तिचा कौल पटतो. फॉर्म भरणारं माणूसच नसेल तर हे कोण ठरवणार?

सकाळी ९.१५
पाटस. बँक उघडायला पाऊण तास आहे. हा वेळ वाया गेला असं मला वाटतं. तिला वाटत नाही. टपरीवर दोन चहा, वीस रुपये. तेवढ्यात दोन्ही पंपांचे फॉर्म भरून होतात. एका पंपाला पन्नासभर प्रश्न. बिलाचा फोटो, बाहेरचा फोटो, फोटोवर ठिकाण आणि वेळ उमटलेली पाहिजे. फॉर्म पंपाच्या आवारात भरायचा नाही, असा नियम. म्हणून दर यादीत तिला असा एक बसायचा थांबा शोधावा लागतो. सावली, रेंज आणि कुणी हटकणार नाही अशी जागा. तिच्या वहीत या जागांना गोल काढलेले आहेत.

सकाळी १०.१०
बँक. मी बाहेर पायरीवर. ती आत दोन कामं घेऊन गेली आहे. एक, चिकटपट्टीची नोट बदलून मागणं. दुसरं, सुकन्या समृद्धी खात्याची चौकशी. खातं दहा वर्षांच्या आतल्या मुलीचं निघतं, सुरुवात २५० रुपयांपासून. तिच्या लेकीचं खातं पोस्टात कधीच निघालं आहे, पण तिला आज काहीच माहीत नाही असं बोलायचं आहे.

बाहेर बसून माझ्या मनात पुणंच येतं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढं १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. तिथं ग्राहक स्वतःसाठी दुकानदाराला तपासत होता. इथं कंपनी आपल्याच माणसांना तपासते आहे आणि ग्राहक तिनं रोजावर घेतला आहे. हिनं लिहिलेलं ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचायला मिळत नाही, आणि त्यातून काय बदललं ते हिला कधी कळत नाही. मला यातली दुसरी गोष्ट जास्त खटकते.

सव्वीस मिनिटांनी ती बाहेर येते. "नोट बदलली. पन्नास आणि त्याच्या वरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा तुकडा शाबूत असेल तर पूर्ण पैसे द्यावे लागतात, कॅशियरला ते पाठ होतं. खात्याचं विचारलं तर म्हणाला, दुपारी या, मॅडम जेवून आल्यावर." तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

सकाळी १०.५०
ॲपवर नवीन काम येतं. दौंड, आजच पाहिजे, ५०० रुपये. दिवसातला सगळ्यात मोठा आकडा. ती गाडीच्या सीटवर वही ठेवते आणि बेरीज मांडते. पाटस ते दौंड जाऊन-येऊन पंचवीस-सव्वीस किलोमीटर. रस्त्यात तासभर, कामाला अर्धा तास. म्हणजे परत इथं साडेबारा. मग शोरूम, मग हॉटेल, आणि हॉटेलची वेळ अडीचला संपते. दोन्हीला पोचता पोचता यवतचं दुकान साडेचारला. घरी पोचायला अंधार.

ती एजन्सीला फोन लावते. "सर, एकट्यासाठी परवडत नाही. दौंडात अजून दोन जोडून द्या, उद्या सकाळी करते." पलीकडून काहीतरी बोलणं होतं. "नाही सर, आज नाही." फोन ठेवून ती हेल्मेट घालते. पाचशे सोडल्याचं तोंडावर काही दिसत नाही. "नवीन होते तेव्हा पळायचे. पाचशे मिळायचे आणि ठरलेली दोन बुडायची. बुडालं की रेटिंग उतरतं. रेटिंग उतरलं की पुढच्या महिन्यात चांगली कामं दुसऱ्याला."

सकाळी ११.१५
आता पुण्याच्या दिशेला. आता रेघेच्या खालच्या फुल्या. परतीचा पहिला पंप. शंभराचं भरलं. बिल? "प्रिंटर बंद आहे मॅडम." हातानं लिहून द्या, शिक्का मारून. शिक्का मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला. अकरा मिनिटं ती उभी राहते. मग पोरगा वहीचा अर्धा कागद फाडून देतो. तारीख आहे, आकडा आहे, शिक्का नाही.

नियम मशीनच्या बिलाचा आहे. बिल नाही तर व्हिजिट नाही, व्हिजिट नाही तर पैसे नाहीत, पेट्रोलचेही नाहीत. ती कागदाचा फोटो काढते, बंद प्रिंटरचा काढता येईल का पाहते, नाही काढता येत. "एजन्सी कधी मान्य करते, कधी नाही. आज नाहीच असं धरून चालायचं."

दुपारी १२.०५
चौफुल्याजवळ दुचाकीचं शोरूम. नवीन स्कूटी घ्यायची आहे. सेल्सवरची मुलगी बाविशीची, आसपासच्या गावातली, बोलण्यावरून कळतं. ती पाणी देते, खुर्ची देते, डिक्की उघडून दाखवते, जुनी गाडी बदलीत घेतली तर किती, हप्ता किती, सगळं कागदावर लिहून देते. चालवून बघा म्हणते. हसून बोलते, आणि ते हसू फॉर्मसाठीचं नाही. नंबर मागते. दुसऱ्या फोनचा नंबर दिला जातो. चोवीस तासांत शोरूमचा फोन येतो का, हेही तपासायचं आहे.

फॉर्ममध्ये तिला पैकीच्या पैकी.

दुपारी १.१०
भांडगावच्या बाजूला हायवेवरचं साखळी हॉटेल. अन्न येईपर्यंतचा वेळ मोजायचा, ताटाचा फोटो घासाला हात लावायच्या आधी. चौदा मिनिटं. रोटी गरम, भाजी कोमट, टॉयलेट स्वच्छ. बिल साडेतीनशेच्या आत बसवायचं असतं, वर गेलं तर पदरचे. दोघींनी एका ताटात भागवलं, वर एक ताक. ही व्हिजिट दीडशेचीच आहे. ती म्हणते, दीडशे आणि बसायला पंखा.

दुपारी २.३०
यवत. खताचं दुकान. आजच्या दिवसातलं सगळ्यात नीट पाहण्यासारखं काम इथं झालं, म्हणून इथं जरा थांबते.

एका खत कंपनीला कळून घ्यायचं आहे की शेतकरी अडचण घेऊन गेला तर दुकानदार आधी कुणाची पिशवी पुढं करतो. ती काउंटरवर फोन ठेवते. फोटो त्यांच्या स्वतःच्या रानातला आहे. उसाची पानं पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या. "काय झालंय बघा की काका."

म्हातारे दुकानदार चष्मा वर करून फोटो मोठा करतात. "रान चुनखडीचं आहे का?" हो. "केवडा आहे पोरी. लोह कमी पडलंय." मागं रंगीत बाटल्यांची रांग आहे, ज्या कंपनीसाठी ती आली आहे तिचीही बाटली आहे, दर्शनी. ते तिकडं वळत नाहीत. "हिराकस ने. स्वस्तात काम होतं. फवारा घे सकाळच्या वेळी. फरक नाही पडला तर मग बघू दुसरं." बोलता बोलता एका शेतकऱ्याचा अंगठा मशीनवर घेऊन त्याला युरियाची गोणी देतात. ४५ किलोची, २६६ रुपये ५० पैसे, छापील दरानं, सोबत दुसरं काही गळ्यात न मारता. अशा गळ्यात मारण्याचा, म्हणजे लिंकिंगचा, जाच सोसलेल्या माणसाला विचारा, ही साधी गोष्ट किती मोठी आहे.

हिराकस आणि केवडा तिला ठाऊक आहेतच. तिच्याच घरचं रान आहे. ती अर्धा किलो हिराकस खरंच विकत घेते.

बाहेर लिंबाखाली फॉर्म. पहिला प्रश्न: दुकानदारानं आमच्या उत्पादनाची शिफारस केली का? नाही. पहिल्यांदा कोणतं नाव घेतलं? आमचं नाही. चाळीसपैकी नऊ गुण. खरं बोलण्याला, रास्त दराला, म्हातारपणी चष्मा वर करून पान बघण्याला रकाना नाही. शेवटी 'शेरा' म्हणून एक चौकट आहे. भरली नाही तरी चालते. ती तिथं सात ओळी लिहिते. अंगठ्यानं, सावकाश, मराठीत.

"कुणी वाचतं का?" मी विचारते.

"माहीत नाही ताई. पण नऊ गुण एकटे कसे पाठवायचे?"

दुपारी ३.४०
चौथा पंप, यवतजवळ. बिल मिळतं. टॉयलेटला कुलूप, पण चावी मागितल्यावर पोरगी लगेच आणून देते. ही इथली एकटी बाई कर्मचारी. टाकीचा काटा आता निम्म्याच्या वर.

दुपारी ४.२०
खुटबावच्या बाजूनं घराकडे. दुसरा फोन वाजतो. ती गाडी कडेला घेते. शोरूमची मुलगी. "ताई, मॅनेजर विचारत होते, कधी येताय? या महिन्याची एक गाडी कमी पडतीय मला."

तिला 'हो' म्हणता येत नाही आणि खरंही सांगता येत नाही. "घरी विचारून सांगते," म्हणते. फोन ठेवल्यावर थोडा वेळ गाडी सुरू करत नाही. "यात सगळ्यात अवघड हे. बाकी सगळं जमतं."

संध्याकाळी ५.१५
राहू. अजून ऊन आहे. लेक शाळेतून आली आहे. हिराकस सासऱ्यांच्या हातात.

रात्री ९.४५
लेक झोपली. राहिलेले फॉर्म आता जातात. बँकेचा सगळ्यात लांबलचक, कुणाशी काय बोलणं झालं ते वाक्यानिशी लिहायचं. मोठे फोटो रेंजमध्ये अडकतात, त्यासाठी ती गच्चीवर जाऊन येते. शेवटचा फॉर्म साडेदहाच्या आत जातो.

वहीच्या त्याच पानावर हिशेब. तीन पंप प्रत्येकी २००, बँक ३००, शोरूम ३५०, हॉटेल १५०, खताचं दुकान २५०. एकूण १,६५०. शिक्क्याविना राहिलेल्या तिसऱ्या पंपाचे २०० आणि पेट्रोलचे १०० अधांतरी. वरखर्च: चहा २० आणि महिन्याची दोन रिचार्ज. काम पहाटे पाचपासून रात्री साडेदहापर्यंत. असा भरलेला दिवस महिन्यातून मोजकाच येतो. एरवी एखाद-दुसरी व्हिजिट असते आणि ती परवडत नाही. पैसे दीड महिन्यानं, टीडीएस कापून.

निघताना मी विचारते, तुझ्याबद्दल काय लिहू? ती म्हणते, माझं राहू द्या, बायकांना एवढं सांगा: पंपावर हवा, पाणी आणि टॉयलेट फुकट असतं, कुलूप दिसलं तर परत फिरू नका, ऑफिसात जाऊन चावी मागा. आणि बिल घेतल्याशिवाय निघू नका.